नोंद: पळाली

फाटकाची किल्ली माझ्याकडे असते.
अकरा वर्षं तीच किल्ली.
तिचे दात झिजले, माझे दोन पडले.
रात्री दहाला मुली मोजायच्या, सकाळी सहाला पुन्हा,
एखादी कमी भरली की वहीत लिहायचं: पळाली.

नुरझातच्या नावापुढं तीनदा लिहिलंय.
पहिल्यांदा सापडली खालच्या गावच्या बसथांब्यावर,
चौथीत होती, हातात भूगोलाचं पुस्तक.
दुसऱ्यांदा बटाट्याच्या ट्रकमधून थेट बालिकचीला,
सरोवराच्या दुसऱ्या टोकाला.
तिसऱ्यांदा मावशीच्या दारात.
मावशीनं दार उघडलं नाही. खिडकीतून पाव दिला.
तो पाव तिनं न मोडता परत आणला,
म्हणाली, कपाटात ठेवा.
मी ठेवला. बुरशी आल्यावरही दोन दिवस ठेवला.

जूनमध्ये बुरुलचा आली. मुली तिला एजे म्हणू लागल्या, ताई.
गुडघ्यावर टाक्यांची रांग, गळ्यात स्टॉपवॉच,
डिकीत बुटांचे एकोणतीस जोड,
कुठल्याशा शाळेनं नको म्हटलेले.
बहुतेक मोठे. पुढं वर्तमानपत्र कोंबलं,
निवडणुकीतले हसरे उमेदवार
उन्हाळाभर मुलींच्या चवड्यांखाली.

म्हणाली, पहाटे पाचला फाटक उघडायचं.
मी म्हटलं, बाई, इथं मुली पळतात.
म्हणाली, त्यासाठीच तर आलेय.

पहिल्या दिवशी साल्तानातला ओकारी झाली.
मोठ्या मुली छातीवर हात बांधून धावत होत्या,
थंडी वाजल्यासारख्या.
दुसऱ्या दिवशी एजेनं एक पिशवी आणली,
आणि काही न बोलता, बिस्किटं वाटावीत तशी
प्रत्येकीच्या मापाची आतली कापडं वाटली.
तिसऱ्या दिवशी हात सुटले.
आठवड्यानं झिनाईदा स्वयंपाकघरातून ओरडली,
लापशी पुरत नाही, ह्यांच्या पोटात काय शिरलंय?

मग ती सकाळ.
सरोवराच्या कडेनं पॉप्लरच्या रांगेपर्यंत जायचं, वळायचं, यायचं.
एकेक करून आल्या. वाकल्या. थुंकल्या. हसल्या.
मी मोजल्या. एकवीस.
पुन्हा मोजल्या. एकवीसच.
माझा हात फोनकडे गेला.
एजे रस्त्याकडं बघत होती, अंगठा घड्याळावर.
म्हणाली, थांबा पळभर.
किती पळं गेली कोण जाणे.
डोंगरावरचं ऊन उतरून कुंपणापर्यंत आलं,
मी मनात वहीचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात धुळीत एक ठिपका.
नडगीला काट्यांचे ओरखडे, एका बुटाची नाडी सुटलेली.
आल्या आल्या एजेला विचारलं, किती?
चौतीस मिनिटं दहा सेकंद.
बसथांब्याच्या खांबाला हात लावून आले, म्हणाली.
मी विचारलं, बस होती?
होती. दार उघडं होतं.
ड्रायव्हर म्हणाला, चढतेस का?
मी म्हटलं, माझं घड्याळ चालू आहे.
मग बादलीत तोंड घालून
घोड्यासारखी पाणी प्यायली.

रात्री वहीत लिहिलं: पळाली.
पुढं लिहिलं, सहा किलोमीटर, ३४:१०.
ऑगस्टमध्ये तपासणीचे साहेब आले,
लाल शाईनं रेघ मारून म्हणाले, खुलासा द्या.
अजून दिलेला नाही.
दोनदा लिहायला बसले, दोनदा
चहा गार झाला.

सप्टेंबरात एजेचं काम संपलं.
बूट ठेवून गेली, स्टॉपवॉच नेलं.
पहाटे दहिवर पडतं आता.
पाचला मी उठते तेव्हा
नुरझात फाटकाशी उभी असते, साखळीला न शिवता,
पुटपुटत. आधी वाटलं, प्रार्थना.
आकडे म्हणत असते.
माझी किल्ली हट्टी, कुलूप थंडीनं आखडलेलं.
अजून तरी
शंभरच्या आत उघडतं.